अल्कलाइन म्हणजे खारट नव्हे

बुलडाणा जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख होते ती घाटावरचा की घाटाखालचा, अशी. मी दोन्हीकडची. माहेर घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. सासर घाटावर, देऊळघाटला, पैनगंगेच्या काठी. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या विहिरीचं पाणी मला चक्क अळणी लागलं होतं. जिभेला सवय होती ती खारपाणपट्ट्यातल्या पाण्याची. तिकडे तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा बोटाखाली टणक लागायचा, म्हणून आई तिच्यात चिमूटभर सोडा टाकायची. इकडे तीच डाळ कुकरच्या दोन शिट्ट्यांत विरघळते.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि या पाण्याचा हिशेब समजला. शिकवायला सोपं, पण समजून घ्यायला अवघड वाटलं ते एक विशेषण: अल्कलाइन. हा शब्द आता शहरी किंवा प्रयोगशाळेतला राहिलेला नाही. देऊळघाटच्या शेतकऱ्याच्या माती परीक्षण अहवालात तो आहे. बुलडाण्याच्या लॅबमधून आणलेल्या रक्ताच्या रिपोर्टात आहे. टॉर्चच्या सेलवर आहे. आणि दारोदार फिरून पाण्याची यंत्रं विकणाऱ्यांच्या तोंडी तर तो सारखाच असतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. तो न कळल्यामुळे लोकांचा पैसा जातो, जमीन बिघडते, आजारी माणूस भलत्याच भरवशावर राहतो. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक प्रयोग. वर्गात मी तो दरवर्षी करते आणि घरी कुणालाही करता येतो. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर हळदीचं पाणी लावून त्या वाळवायच्या. एका वाटीत मिठाचं पाणी, दुसरीत पापडखार विरघळवलेलं पाणी. मिठाच्या पाण्यात पट्टी बुडवली तर पिवळीच राहते, मीठ कितीही घाला. पापडखाराच्या पाण्यात घातल्याबरोबर तांबडी होते. साडीवर सांडलेल्या हळदीला साबण लावला की डाग लाल होतो, त्याचं कारण हेच. नंतर त्या तांबड्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकला की ती परत पिवळी होते. मुलं इथे नेमकी ओरडतात.

दोन्ही वाट्यांतलं पाणी जिभेला खारट-तुरटच लागेल. लिटमसला, हळदीला, पिकाच्या मुळाला मात्र त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिठाचं पाणी खारट आहे, पण अल्कलाइन नाही. पापडखाराचं पाणी अल्कलाइन आहे.

या शब्दाचा उगम देऊळघाटच्या मुलांना सांगणं मला फार आवडतं, कारण आमच्या गावात अरबी वाचणारी मुलं कमी नाहीत. फळ्यावर ‘अल्-कली’ असं फोडून लिहिलं की त्यांतली दोघं-तिघं लगेच सांगतात, ‘‘मॅडम, अल् तर अरबी आहे!’’ बरोबर. अल्जेब्रा, अल्कोहोल, अल्केमी यांच्यातलाच हा अल्. कली म्हणजे खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. मूळ धातूचा अर्थ भाजणं, परतणं. ती राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जे हाती लागायचं ते काच आणि साबण करायला वापरत. अरबी किमयागारांच्या ग्रंथांतून हा शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून इंग्रजीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने एका लबाड किमयागाराच्या गोष्टीत तो वापरला आहे. अल्कलाइन हे विशेषण मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: राखेतून निघणाऱ्या क्षाराच्या गुणाचं.

राखेचा हा गुण आपल्या बायकांना कुणी शिकवावा लागला नाही. माझ्या आजीच्या चुलीत पऱ्हाटी जळायची. कपाशी वेचून झाली की उपटलेल्या काड्यांचा भारा परसात रचलेला असायचा. त्या राखेने भांडी घासली जात आणि मळके कपडे राखेच्या निवळीत भिजत. ती निवळी बोटांत चोळली की बुळबुळीत लागते. हा बुळबुळीतपणाच अल्कलीची खूण आहे. त्वचेवरचं तेल आणि अल्कली मिळून बोटावर किंचित साबणच तयार होत असतो.

आणि हे केवळ चुलीपाशीच थांबलेलं नव्हतं. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्यावर एक अख्खा अध्याय आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा गाळायचं, मग आटवायचं. मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे क्षाराचे प्रकार सांगितले आहेत. तीव्र क्षार हवा असेल तर त्यात तापवून लाल केलेले चुनखडीचे आणि शंखाचे तुकडे टाकायचे, आणि तो लोखंडी भांड्यात ठेवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर कार्बोनेटपासून हायड्रॉक्साइड करण्याची ही कृती. आंबटाने क्षार का शमतो, हा प्रश्नही तिथे विचारला आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला, तेव्हा या कृतीची त्यांनी आवर्जून वाखाणणी केली. हरतालिकेच्या पत्रीत आपण जो आघाडा वाहतो, तोच अपामार्ग या क्षाराच्या वनस्पतींत आहे, हे मुलींना सांगितलं की त्या आघाड्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

युरोपात या विशेषणाला कसोटी दिली रॉबर्ट बॉइलने. 1664 साली रंगांवरच्या आपल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की व्हायोलेट फुलांचं सरबत आम्लाने तांबडं होतं आणि अल्कलीने हिरवं. चव आणि स्पर्श बाजूला पडले, रंग साक्षीला आला. आपल्या हळदीच्या पट्टीचं ते थोरलं भावंड. मग 1736 मध्ये फ्रान्सच्या द्युहामेल द्यु मोन्सोने दाखवून दिलं की समुद्रकाठच्या झुडपांची राख आणि जंगलातल्या लाकडाची राख यांतले क्षार वेगळे आहेत: एक सोडा, दुसरा पोटॅश. 1807 साली हम्फ्री डेव्हीने लंडनमध्ये या दोन्हींतून वीज पाठवून सोडियम आणि पोटॅशियम हे धातू वेगळे काढले. पोटॅशियमची खूण के का, हे मुलं नेहमी विचारतात. तो के म्हणजे कॅलियम, आणि कॅलियम म्हणजे पुन्हा तोच अरबी कली. आवर्तसारणीत राख बसली आहे ती अशी.

शेवटचं पाऊल 1909 मधलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सनने पीएच ही मोजपट्टी आणली. शुद्ध पाणी 7, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कलाइन. लक्षात ठेवायची गोष्ट ही की या पट्टीवरची एक पायरी म्हणजे दहापट. पीएच 8 चं पाणी 7 च्या पाण्यापेक्षा थोडं जास्त नव्हे, दहापट अल्कलाइन. 10 असेल तर हजारपट.

हजारपटीचं पाणी बघायला आम्हाला दूर जावं लागत नाही. ते आमच्याच जिल्ह्यात, लोणारला आहे. चिखली-मेहकरवरून गाडी नेली की मुलांची सहल दिवसात होते. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या तळाशी सरोवर आहे. वर कडेला गोमुखाची धार पडते, तिचं पाणी गोड. पाऊलवाटेने खाली उतरलं, पाण्याच्या कडेला बोट बुडवलं की तोच बुळबुळीत स्पर्श आणि नाकात उग्र वास. पीएच कागद काठावरच्या पाण्यात धरला की गडद निळा होतो. तिथे पीएच 10 च्या आसपास आहे. दर वेळी कुणीतरी विचारतंच, ‘‘मॅडम, वरून गोड पडतंय तर खाली असं कसं होतं?’’

उत्तर असं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसाल्टमधून झिरपतं. जाताना खडकातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं आणि बायकार्बोनेटही. लोणारच्या विवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने ते फक्त आटतं. आटताना आधी कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतं. मागे राहतात सोडियम, क्लोराइड आणि भरपूर कार्बोनेट. मीठही आहे आणि धुण्याचा सोडाही. म्हणून लोणारचं पाणी खारटही आहे आणि अल्कलाइनही. समुद्र खारट आहे, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार त्यात असतात, पण त्याचा पीएच 8 च्या जरासा वर, इतकाच. फरक मिठाचा नाही, कार्बोनेटचा आहे. लवणासुराच्या कथेवरून गावाला लोणार नाव पडलं असं म्हणतात, पण या पाण्याची खरी ताकद लवणात नाही, क्षारात आहे.

आणि ती ताकद जुन्या लोकांना ठाऊक होती. आईन-इ-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे, तो काच आणि साबणाला लागणारा माल तिथे मिळतो आणि त्यावर महसूल येतो म्हणून. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर साठलेला क्षार काढत आणि त्याच्या प्रतवाऱ्या लावत: डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. मग कारखान्यातला सोडा आला. फ्रान्समध्ये लब्लांने 1791 मध्ये, बेल्जियमच्या सॉल्व्हेने 1861 मध्ये मिठापासून सोडा करायची पद्धत काढली, आणि 1939 साली गुजरातेत मिठापूरला टाटांची कंपनी उभी राहिली. आज आपल्या उडदाच्या पापडात पडतो तो खार कारखान्याचा. काम तेच करतो: पीठ चिवट होतं, लाटताना तुटत नाही, तळताना फुलतं. जास्त पडला की पापड तांबूस होतो आणि तोंडात कडवट चव राहते. माझ्या सासूबाई खाराचं पाणी उकळून, निवळून, वरचं तेवढंच घेत, आणि किती घ्यायचं ते बोटावर चोळून ठरवत. मी त्याला पीएच कागद लावून बघायची आणि त्या माझ्याकडे कौतुकाने बघायच्या.

जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा गावोगाव नाना तर्क चालले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तर ती करामत मीठप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याची निघाली. पाणी आटून खारेपणा वाढला आणि त्यांचं फावलं. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. अशा पाण्यात जगणाऱ्या जिवाणूंची विकरं अल्कलीतही काम करतात, म्हणून धुण्याच्या पावडरीसाठी त्यांना मोठी मागणी असते.

आता दवाखान्याकडे येऊ. रक्ताच्या रिपोर्टात ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ वाढलेलं दिसलं की लोक घाबरून विचारतात, रक्त अल्कलाइन झालं का? नाही. हे एका विकराचं नाव आहे. प्रयोगशाळेत ते 9-10 पीएचला सर्वांत जोमाने काम करतं, म्हणून नावामागे हे विशेषण लागलं. ते यकृतात आणि हाडांत असतं. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणात ते मुळातच जास्त असतं. सेलवरच्या अल्कलाइनचा अर्थ आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा आहे, एवढाच.

यंत्रवाल्यांचं मात्र मनावर घ्यायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण फार, हे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतं आहे. माझ्या माहेरच्या गल्लीतही अशी घरं आहेत. त्यांच्या दारात कुणी येतं आणि सांगतं की आमचं यंत्र पाणी अल्कलाइन करतं, त्याने रक्त शुद्ध होतं. माणसाच्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 यांच्यामध्ये राहतो. तो तिथे ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. प्यालेलं पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. निरोगी माणसात त्या पाण्याने रक्ताचा पीएच हलत नाही. मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाच्या रक्तात आम्ल साठतं हे खरं, आणि त्यासाठी डॉक्टर सोड्याच्या गोळ्याही देतात. पण ते मोजून, तपासून, रोजचा डोस ठरवून. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचं दुखणं आहे विरघळलेल्या क्षारांचं. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालतात, पीएच 6.5 ते 8.5. त्या गावांना हवं आहे कमी क्षारांचं पाणी. ते अल्कलाइन असलं काय नि नसलं काय, सारखंच. हजारो रुपये घेऊन दुसरंच काहीतरी विकलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो.

शेतीत या विशेषणाचा घोटाळा सर्वांत महागात पडतो. अकोला, अमरावती, बुलडाणा आणि जळगावच्या काही भागात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातली 932 गावं राज्य सरकारने कृषी संजीवनी प्रकल्पात धरली होती. माझं माहेर त्याच पट्ट्यात. धाकट्या भावाने माती तपासून आणली आणि फोन केला, ‘‘ताई, पीएच आठ पॉइंट आठ आला. म्हणजे जमीन किती खारी झाली?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, पीएच खारेपणा सांगत नाही. त्याच्या खाली ईसी, म्हणजे विद्युतवाहकता बघ. विरघळलेले क्षार किती, ते ती सांगते.’’ ईसी होता 0.6. म्हणजे जमीन खारी नव्हतीच. ती चोपण होती.

हा भेद अमेरिकेच्या कोरड्या मुलखात प्रथम नीट मांडला गेला. कॅलिफोर्नियात यूजीन हिलगार्डने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा जमिनींचा अभ्यास केला. तिथले शेतकरी पांढरी अल्कली आणि काळी अल्कली म्हणत. पांढरी म्हणजे वर मिठाचा थर आलेली. काळी जास्त वाईट: तिच्यातला सोडा मातीतला सेंद्रिय भागच विरघळवतो आणि पृष्ठभाग काळा पडतो. काळीवर जिप्सम टाका, असं हिलगार्डने सांगितलं. 1954 मध्ये रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने आकडे ठरवून दिले, ते आजही अहवालात वापरतात. ईसी 4 च्या वर आणि पीएच 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. ईसी 4 च्या आत, पीएच 8.5 च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण 15 टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. ईसी आणि सोडियम दोन्ही वाढलेलं असेल तर क्षारयुक्त-चोपण. इंग्रजीत चोपण जमिनीला पूर्वी अल्कली म्हणत, आता सोडियमवरून सोडिक म्हणतात, कारण खरा गुन्हेगार तोच आहे. आपल्या शेतकऱ्याचा चोपण हा शब्द दोन्हींपेक्षा नेमका आहे: ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की ढेकूळ कुदळीला दाद देत नाही.

सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून सुटं करतं. सुटे कण मातीतल्या बारीक वाटा बुजवतात. पाणी वर साचतं, खाली जात नाही, मूळ गुदमरतं. आमच्या काळ्या मातीत चिकणमाती इतकी की सोडियम 15 टक्क्यांच्या खूप आधीच त्रास द्यायला लागतं, म्हणून त्या आकड्यावर आंधळेपणाने विसंबू नये.

भावाचा बेत होता विहिरीचं पाणी भरपूर सोडून शेत धुऊन काढायचा. क्षारयुक्त जमिनीत गोड पाणी आणि चर असेल तर तो बरोबर ठरला असता. चोपणात, आणि तेही सोडियम-बायकार्बोनेटच्या पाण्याने, तो रोग वाढवण्याचा मार्ग होता. लोणारच्या विवरात जे घडलं तेच त्या शेतात घडलं असतं: पाणी आटतं, कॅल्शियम चुना होऊन बसतं, सोडियम उरतं. म्हणून इथे जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावून त्याची जागा घेतं, कण पुन्हा गुच्छ करतात, वाट मोकळी होते आणि सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातं.

मात्रा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ठरवली. मृगाच्या आधी जिप्सम पसरून वरच्या थरात मिसळला. हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलावर येण्याआधी गाडला. शेताच्या उताराला शेततळं घेतलं, आणि हरभऱ्याला संरक्षित पाणी द्यायचं ते त्यातलंच, विहिरीचं नाही. विहीर जिप्समने गोड होत नाही, हे त्याला मी दोनदा बजावलं आहे. पहिल्या पावसाळ्यात फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी जोरदार सरीनंतर तो मुद्दाम शेतात जाऊन उभा राहिला आणि तिथूनच फोन केला, ‘‘ताई, पाणी मुरू लागलं.’’ पीएच अजून 8.5 च्या आत आलेला नाही. पुढचा नमुना येत्या उन्हाळ्यात द्यायचा आहे, आणि या वेळी त्याने दीड हात खालचीही माती वेगळ्या पिशवीत भरायची ठरवली आहे.